तिशीनंतर ओटी: व्यवसायोपचार तज्ज्ञ व्हायचं मनात असेल तर

मी ओटी, म्हणजे ऑक्युपेशनल थेरपी करते. माझ्याकडे मुलांना घेऊन येणाऱ्या आयांपैकी वर्षातून दोघी-तिघी तरी सेशन संपल्यावर चपला घालता घालता विचारतात, "मॅडम, मला हे शिकता येईल का हो?" कुणी बँकेत असते, कुणी सॉफ्टवेअरमध्ये, कुणी शाळेत शिकवून कंटाळलेली. हल्ली बाबाही विचारतात. वडिलांना अर्धांगवायू झाला, सहा महिने त्यांचं सगळं स्वतः केलं आणि आता पुन्हा एक्सेलमध्ये जीव रमत नाही, असे एक-दोघे भेटलेत. चपला घालून होईपर्यंत संपेल असं याचं उत्तर नाही, म्हणून एकदाच सगळं लिहून काढते आहे.

अवघड भाग आधी. भारतात या पेशात शिरायला पदवीधरांसाठी मधला दरवाजा नाही. तुमच्याकडे बीकॉम असो, बीई असो की एमबीए, आत यायचं ते बारावी विज्ञानाच्या दारातूनच. नीट ही वैद्यकीय प्रवेशाची देशपातळीवरची परीक्षा द्यायची, बीओटीएच या ओटीच्या पदवीला प्रवेश घ्यायचा आणि अठरा वर्षांच्या मुलामुलींबरोबर पूर्णवेळ वर्गात बसायचं. पत्राने, संध्याकाळच्या वर्गाने किंवा शनिवार-रविवारी हे होत नाही. इंग्लंड-अमेरिकेत पदवीधरांना वेगळी वाट आहे, ती पुढे सांगते.

आधी हे काम आहे तरी काय

हॉस्पिटलात 'ओटी' म्हटलं की सगळ्यांना ऑपरेशन थिएटर आठवतं. वॉर्डातल्या आजोबांना कुणी सिस्टरने सहज सांगावं, "दुपारी तुम्हाला ओटीत पाठवायचंय," आणि आजोबांनी घरच्यांना फोन करून बोलावून घ्यावं, हे मी स्वतः पाहिलंय. खाली आल्यावर त्यांच्यापुढे शर्टाची बटणं आणि वाटी-चमचा ठेवला तेव्हा कुठे त्यांचा जीव भांड्यात पडला.

सरकारी कागदावरचं नाव 'व्यवसायोपचार'. यातल्या 'व्यवसाय' शब्दाने फसू नका. नोकरी-धंदा हा त्याचा फक्त एक भाग. सकाळी उठल्यापासून माणूस जे जे करतो ते सगळं त्यात येतं. दात घासणं, अंघोळ, संडासला बसणं, जेवणं, शाळेत फळ्यावरचं उतरवून घेणं, खेळणं, पूजा करणं, गाईची धार काढणं. आजाराने, अपघाताने किंवा जन्मापासूनच्या अडचणीमुळे यातलं जे अडलंय ते पुन्हा करता यावं, आणि शक्यतो ते काम करून घेतच शरीर-मन सुधारावं, हा आमचा उद्योग. फिजिओथेरपीशी आमची हद्द खूप ठिकाणी एकमेकींत मिसळते, पण एक ढोबळ खूण सांगते. गुडघा किती अंश वाकतो हे दोघंही मोजतात; आम्ही त्यापुढे विचारतो, की घरचा संडास भारतीय आहे का, आणि उठताना धरायला भिंतीला काही आहे का.

एक उदाहरण सविस्तर सांगते, कारण यावरूनच तुम्हाला कळेल की हे काम आपलं आहे की नाही. एक आजी. डावी बाजू लुळी पडलेली, चार महिने झालेले. त्यांना विचारलं, "आजी, काय करता यायला हवंय?" त्या म्हणाल्या, "भाकरी." सुनेला वाटलं चेष्टा करतायत. भाकरीत काय काय लागतं ते बघा. पीठ मळताना परात सरकू नये म्हणून डावा हात ती धरून ठेवतो. थापताना तळव्याला जोर हवा आणि मनगट सैल हवं. भाकरी फिरवायला बोटांची नाजूक हालचाल हवी. उचलून तव्यावर टाकताना दोन्ही हात एकाच वेळी, एकाच वेगाने वर यायला हवेत. वर विस्तव. आम्ही सुरुवात परातीपासून केली. परातीखाली ओल्या फडक्याची चुंबळ ठेवली, परात सरकायची थांबली. ओट्यापाशी उभं राहण्याऐवजी टेबल-खुर्ची घेतली, पाय जमिनीला पूर्ण टेकतील अशी. डावा हात नुसता परातीच्या काठावर ठेवायचा, एवढंच त्याचं काम. मग हळूहळू त्या हातावर भार द्यायला शिकवलं. तव्यावर टाकायचं काम बरेच दिवस सूनच करत होती. बाजारातलं एकही महागडं उपकरण यात नव्हतं.

बोटांची चिमूट पक्की करायला वाती वळणं, डाळ निवडणं, रांगोळीचे ठिपके, मोदकाच्या कळ्या पाडणं हे सगळं आमच्याकडे चालतं. कडबाकुट्टीत दोन बोटं गमावलेला शेतकरी येतो आणि म्हणतो, "ताई, विळा धरता आला पाहिजे, बाकी तुम्ही काही करू नका." मग आम्ही विळ्याच्या मुठीला जाडी देतो, पकड बदलतो, जखमेच्या टोकाची हुळहुळ कमी करतो. हाताला आधार द्यायचा तर प्लास्टिकचा खास पत्रा गरम पाण्यात मऊ करून रुग्णाच्या हातावरच वळवून स्प्लिंट बनवतो. कुणी उशिरा बोलणारं, स्पर्शाला बिचकणारं, गर्दीत कान झाकून घेणारं मूल घेऊन येतं. कुणी वर्षानुवर्षं मनोरुग्णालयात राहिलेला माणूस असतो, ज्याला बाहेर पडल्यावर एसटीचं तिकीट काढायचं, पैसे मोजायचे, दिवस कसा घालवायचा हे नव्याने शिकायचं असतं.

पंधरा दिवस नुसतं बघा

नोकरीचा राजीनामा, नीटचा क्लास, पुस्तकं यांतलं काहीही करण्याआधी पंधरा दिवसांची रजा काढा आणि हे काम प्रत्यक्ष बघा. विभागप्रमुखांना साधं पत्र द्या: मी अमुक काम करते, या पेशाचा विचार करते आहे, निरीक्षक म्हणून बसू द्याल का. सगळीकडून होकार येणार नाही, पण एखाद्या ठिकाणाहून येतो. आत गेल्यावर फोन पिशवीत ठेवा, रुग्णाचा फोटो घेऊ नका, नाव बाहेर सांगू नका. मध्येमध्ये सल्ले देऊ नका. ही सवय शिक्षकांना आणि मॅनेजरांना मोडायला सगळ्यात जड जाते.

माझी एक सक्त सूचना आहे: फक्त मुलांचं सेंटर बघून ठरवू नका. शहरांत गल्लोगल्ली दिसतात ती बहुतेक मुलांचीच केंद्रं, रंगीत चटया आणि झोपाळे असलेली. त्यामुळे लोकांना वाटतं ओटी म्हणजे एवढंच. एखाद्या मोठ्या सरकारी किंवा महापालिकेच्या रुग्णालयात मेंदूविकाराचे, भाजलेले, हाताच्या शस्त्रक्रिया झालेले रुग्ण बघा. मुंबईत हाजी अलीला १९५५ पासून अखिल भारतीय भौतिक चिकित्सा आणि पुनर्वसन संस्था आहे. जमलं तर मानसिक आरोग्याचा विभागही बघा. महाराष्ट्रात येरवडा, ठाणे, नागपूर आणि रत्नागिरी अशी चार प्रादेशिक मनोरुग्णालयं आहेत.

बघताना दोन गोष्टींकडे लक्ष द्या. एक, कंटाळा. तेच बटण, तोच शर्ट, तीन आठवडे. एखाद्या दिवशी रुग्ण मागे जातो, आणि तुम्हाला चेहऱ्यावर काही न दाखवता दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच बटण काढायचं असतं. दोन, किळस. लाळ, थुंकी, लघवी, ओला डायपर, जखमेचा वास. शिवाय माणसं उचलावी लागतात. पलंगावरून खुर्चीवर, खुर्चीवरून कमोडवर. तंत्राने उचललं तर कंबर वाचते, पण दिवसातून दहा वेळा उचलायचंच असतं. याबद्दल लाजून गप्प बसणाऱ्या मुली पहिल्या वर्षी कॉलेज सोडताना पाहिल्यात. तुम्ही तिशीत आहात, आधीच खरं बोला.

घरी करायची एक परीक्षा देते. कागद घ्या आणि 'एक कप चहा करणं' याच्या पायऱ्या लिहा. बरेच जण सात-आठ पायऱ्यांवर थांबतात: पाणी ठेवलं, साखर, चहापूड, दूध, गाळलं. तुम्ही चाळीस पायऱ्यांपर्यंत पोचलात का? शेगडीची कळ दाबून फिरवायला कुठली बोटं लागतात, डब्याचं झाकण उघडताना दुसरा हात काय करतो, उकळी आली हे डोळ्यांनी कळतं की आवाजाने, गाळताना कपाचा अंदाज कसा येतो, मध्येच फोन वाजला तर पुढची पायरी लक्षात राहते का. याला आम्ही कृतीचं विश्लेषण म्हणतो, आणि पेशाचा कणा तोच आहे. लिहून झालं की एक हात ओढणीने कमरेला बांधून तोच चहा करा. मी विद्यार्थिनी असताना दुधाच्या पिशवीपाशीच अडकले होते. एका हाताने पिशवी धरायची की कापायची? शेवटी ती पातेल्यात उभी करून कापली. हे करताना तुम्हाला चिडचिडीपेक्षा गंमत जास्त वाटली, तर पुढचं वाचा.

बारावीची गुणपत्रिका शोधून काढा

सगळं इथे ठरतं. गुणपत्रिकेवर भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र आणि इंग्रजी असेल, आणि विज्ञानाच्या तीन विषयांत मिळून प्रवेशाच्या माहितीपुस्तिकेत मागितलेले टक्के असतील, तर तुमची बारावी पंधरा वर्षांपूर्वीची असली तरी हरकत नाही.

विज्ञान होतं पण गणित घेऊन जीवशास्त्र सोडलं होतं, असे इंजिनिअर पुष्कळ येतात. त्यांच्यासाठी एनआयओएस, म्हणजे राष्ट्रीय मुक्त विद्यालयातून तो विषय वेगळा देण्याची सोय आहे. प्रात्यक्षिकासह द्यायचा, नुसता लेखी नाही. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२३ मध्ये जीवशास्त्र अतिरिक्त विषय म्हणून नंतर दिलेल्यांना एमबीबीएसचं दार उघडलं. बीओटीएचसाठी मात्र त्या वर्षीच्या राज्याच्या माहितीपुस्तिकेत काय लिहिलंय तेच धरायचं, आणि विषय नोंदवण्याआधी सीईटी कक्षाला, म्हणजे राज्यातले प्रवेश बघणाऱ्या सरकारी कार्यालयाला, लेखी विचारून उत्तर जपून ठेवायचं.

वाणिज्य किंवा कला शाखा असेल तर तिन्ही विषय नव्याने. त्यात दीड-दोन वर्षं सहज जातात. माझं मत विचाराल तर या गटातल्यांनी खालचा 'शेजारच्या वाटा' हा भाग आधी वाचावा आणि मग ठरवावं.

नीट

वयाची भीती इथे सोडून द्या. नीटची वरची वयोमर्यादा २०२२ मध्ये काढली. किमान १७ पूर्ण एवढीच अट उरली. परीक्षा मराठीतूनही देता येते. पेपर ७२० गुणांचा, १८० प्रश्न. त्यातले ९० प्रश्न जीवशास्त्राचे, म्हणजे निम्मे गुण. बाकी ४५ भौतिकशास्त्राचे, ४५ रसायनशास्त्राचे. चुकलेल्या उत्तराला एक गुण वजा.

बीओटीएचसाठी लागणारे गुण एमबीबीएसच्या मानाने बरेच खाली असतात. म्हणून नोकरी सांभाळून तयारी करणाऱ्याला माझा सल्ला असा: आधी जीवशास्त्र संपूर्ण, एनसीईआरटीच्या अकरावी-बारावीच्या पुस्तकांतून, ओळ न ओळ. मग रसायनशास्त्र. भौतिकशास्त्रात झेपतील तेवढे धडे पक्के करा आणि उरलेल्यांत अंदाजाने गोळ्या मारू नका. सतरा वर्षांच्या मुलांसाठीचे लाखभर रुपयांचे क्लास तुम्हाला लागणार नाहीत. लागते ती रोज पहाटेची दीड तासाची बैठक, दहा-अकरा महिने.

अर्ज साधारण फेब्रुवारी-मार्चमध्ये निघतात, परीक्षा मेमध्ये. राजीनामा निकालानंतरच. हे वाक्य मी मुद्दाम वेगळं लिहिलंय.

प्रवेशफेरी आणि कागदांचा ढीग

महाराष्ट्रात प्रवेश राज्याच्या सीईटी कक्षामार्फत होतात आणि अभ्यासक्रम नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाचा. मुंबईत केईएम, सायन आणि नायर या महापालिकेच्या तीन रुग्णालयांशी जोडलेली ओटीची कॉलेजं आहेत, नागपुरात शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात आहे. खासगी आणि अभिमत संस्थाही आहेत. फी आणि रुग्णसंख्या या दोन्ही गोष्टींत सरकारी-महापालिकेचं पारडं जड. खासगीत जाणार असाल तर इमारत बघू नका, ओपीडीत मंगळवारी सकाळी अकरा वाजता किती रुग्ण बसलेत ते मोजा. हात लावायला रुग्णच नसतील तर चार वर्षं काय शिकणार?

तिशीतल्या माणसाला मार्कांपेक्षा कागद जास्त छळतात. दहावी-बारावी महाराष्ट्रातून झाल्याचा पुरावा, अधिवास, लागू असेल तर जातीचा दाखला, जातवैधता, नॉन-क्रीमीलेअर. लग्नानंतर नाव बदललं असेल तर राजपत्र किंवा विवाह नोंदणीचा दाखला. शिक्षणात मोठा खंड असल्याने गॅपचं प्रतिज्ञापत्र. शाळा सोडल्याचा मूळ दाखला शेवटच्या कॉलेजात अडकलेला असतो आणि तिथला क्लार्क दीड महिन्याच्या सुट्टीवर असतो. नीटचा अर्ज भराल त्याच आठवड्यात या फायलीला हात घाला.

महाराष्ट्राबाहेर जायची तयारी असेल तर वेल्लोरचं ख्रिश्चन मेडिकल कॉलेज, मणिपाल, ओडिशात कटकजवळ ओलटपूरची अपंगांच्या पुनर्वसनाची राष्ट्रीय संस्था, कोलकात्याची तशीच राष्ट्रीय संस्था ही जुनी, नावाजलेली ठिकाणं आहेत. तिथल्या प्रवेशाच्या आणि वयाच्या अटी स्वतंत्रपणे तपासा. २०२१ च्या केंद्रीय कायद्याने आरोग्यसेवेतल्या अशा सगळ्या पेशांसाठी राष्ट्रीय आयोग आलाय, त्यामुळे अभ्यासक्रमाचा कालावधी आणि प्रवेशाचे नियम सध्या हलते आहेत. माझ्यासकट कुणाच्याही आठवणीवर विसंबू नका. ज्या वर्षी प्रवेश घ्याल त्या वर्षीचीच पुस्तिका वाचा.

आणि एक. कॉलेजच्या अभ्यासक्रमाला जागतिक व्यवसायोपचार महासंघाची मान्यता आहे का, ते विचारा. त्यांच्या निकषात विद्यार्थ्याचं किमान १,००० तासांचं प्रत्यक्ष काम धरलेलं असतं. उद्या परदेशी जायचं झालं तर हा प्रश्न पहिला येतो.

साडेचार वर्षं

विद्यापीठाचा परिचित साचा चार वर्षं आणि सहा महिने आंतरवासिता, म्हणजे इंटर्नशिप, असा आहे. पहिलं वर्ष शरीररचना आणि शरीरक्रियेचं. शवविच्छेदन हॉलचा वास केसांतून जात नाही; डब्यात काय न्यायचं ते विचारपूर्वक ठरवा. पुढे मानसशास्त्र, हालचालीचं शास्त्र, मग अस्थिविकार, मेंदूविकार, बालरोग, मनोविकार आणि त्या त्या रुग्णांवरची ओटी. सकाळी वॉर्ड आणि ओपीडी, दुपारी वर्ग. हजेरी काटेकोर असते, त्यामुळे चालू नोकरी सोबत ठेवता येत नाही. शिकवण्या किंवा रात्रीचं फ्रीलान्स काम करणारे पाहिलेत, पण परीक्षेच्या महिन्यात त्यांचे हाल होतात.

पैशांचा हिशेब साडेचार वर्षांचा करू नका, सहाचा करा. तयारीचं एक वर्ष, एखादा विषय राहिला तर त्याचे सहा महिने, आणि पदवीनंतर पगार जरा बरा होईपर्यंतचा काळ. पहिल्या नोकरीचा आकडा तुमच्या आयटीतल्या किंवा बँकेतल्या पगाराच्या शेजारी ठेवून पाहू नका, रडू येईल. घरात एक स्थिर पगार किंवा फिटलेलं घरकर्ज यांपैकी एक तरी हाताशी असावं, असं मी स्पष्ट सांगते. नवरा किंवा बायको "बघू" म्हणत असेल, तर त्याला होकार समजू नका.

वयाबद्दल वर्गात सुरुवातीला अवघडल्यासारखं होतं. मुलं 'ताई' म्हणतात, मग 'काकू' म्हणतात, मग तिसऱ्या वर्षी तुमच्या नोट्स मागायला येतात. आणि चाळिशीची लाज वाटत असेल तर कमला निंबकरांचं ऐका. फलटणचं कमला निंबकर बालभवन अनेकांना माहीत असतं, पण त्या कोण हे फारसं कुणी सांगत नाही. जन्म १९०० चा, अमेरिकेतला. माहेरचं नाव एलिझाबेथ लंडी. विष्णू निंबकरांशी लग्न करून १९३० मध्ये त्या भारतात आल्या. चाळिशी उलटल्यावर पुन्हा अमेरिकेत जाऊन फिलाडेल्फियाला त्या ओटी शिकल्या, आणि १९५० मध्ये मुंबईला केईएममध्ये देशातली पहिली ओटीची शाळा सुरू केली. १९५२ मध्ये अखिल भारतीय संघटना उभी राहिली, आणि त्याच वर्षी स्थापन झालेल्या जागतिक महासंघाच्या दहा संस्थापक देशांत भारत होता. म्हणजे आपल्याकडचा हा पेशाच मुळी उशिरा शिकलेल्या एका बाईने सुरू केलेला आहे.

इंग्लंडात किंवा अमेरिकेत असाल तर

तिकडे नवऱ्याच्या किंवा बायकोच्या नोकरीमुळे गेलेल्या, हातात भारतातली पदवी असलेल्या मराठी लोकांसाठी ही वाट भारतापेक्षा सोपी आहे, म्हणजे निदान आखलेली तरी आहे.

इंग्लंडात दुसऱ्या विषयातल्या पदवीवर ओटीची पदव्युत्तर पदवी करता येते, बहुधा दोन वर्षांची. कोर्स आरोग्य व्यवसाय परिषदेच्या, म्हणजे एचसीपीसीच्या यादीत असायला हवा, कारण तिथे 'ऑक्युपेशनल थेरपिस्ट' हे नाव नोंदणीशिवाय लावणं गुन्हा आहे. अर्जात ते अनुभव विचारतात: वृद्धाश्रमात, शाळेत, एखाद्या घरी केअरर, म्हणजे रुग्णाची काळजी घेणारं माणूस, म्हणून केलेलं काम. सहा महिने असं काम करून मगच अर्ज करा. मुलाखतीत त्याचा फार उपयोग होतो. तिथे स्थायिकाचा दर्जा असेल तर तिथल्या सरकारी आरोग्यसेवेकडून, म्हणजे एनएचएसकडून, वर्षाला ५,००० पौंडांचं, परत न करायचं अनुदान मिळू शकतं. नुसत्या अवलंबित व्हिसावर ते सहसा मिळत नाही आणि फी परदेशी विद्यार्थ्याची लागते, हे आधी मोजून घ्या. नोकरी करता करता शिकायची अप्रेंटिसशिपची वाटही इंग्लंडात आहे.

अमेरिकेत २००७ पासून किमान पदव्युत्तर पदवी लागते. हल्ली डॉक्टरेटचे कोर्सही पुष्कळ निघालेत. कोर्स एकोटी या संस्थेने मान्य केलेला असावा. प्रवेशाआधी शरीररचना-शरीरक्रिया, संख्याशास्त्र, विकासाचं मानसशास्त्र, अपसामान्य मानसशास्त्र असे विषय पूर्ण करावे लागतात. हे सगळं गावच्या कम्युनिटी कॉलेजात स्वस्तात होतं. विद्यापीठात जाऊन दुप्पट फी भरू नका. शेवटी २४ आठवडे पूर्णवेळ प्रत्यक्ष काम, मग एनबीसीओटी या मंडळाची राष्ट्रीय परीक्षा, मग त्या राज्याचं लायसन्स. एच-४ वर, म्हणजे जोडीदाराच्या नोकरीमुळे मिळालेल्या अवलंबित व्हिसावर, शिकता येतं, पण काम करण्याचा परवाना वेगळा असतो, आणि तो हातात येईल की नाही ते जोडीदाराच्या ग्रीनकार्डाच्या टप्प्यावर ठरतं. कर्ज काढण्याआधी ही तारीख वकिलाकडून समजून घ्या.

शेजारच्या वाटा, आणि एक खड्डा

सहा वर्षं परवडणार नाहीत, पण काम याच परिसरात करायचंय, असं असेल तर विशेष शिक्षक होण्याचा विचार करा. भारतीय पुनर्वास परिषदेची मान्यता असलेलं विशेष शिक्षणातलं बीएड कुठल्याही शाखेच्या पदवीवर करता येतं आणि दोन वर्षांत तुम्ही मुलांबरोबर असता. मोठ्या माणसांबरोबर काम करायचं असेल तर समाजकार्याची पदव्युत्तर पदवी. आर्किटेक्ट असाल तर घरांचे उंबरे, संडास-बाथरूम, रॅम्प; इंजिनिअर असाल तर सहाय्यक उपकरणं. ओटीच्या टीममध्ये तुमची गरज आहेच आणि त्यासाठी पेशा सोडावा लागत नाही.

खड्डा म्हणजे 'तीन महिन्यांत थेरपिस्ट व्हा' या जाहिराती. त्या प्रमाणपत्रावर तुम्ही ओटी होत नाही. महाराष्ट्रात २००२ च्या कायद्याखाली व्यवसायोपचार आणि भौतिकोपचार परिषद आहे, आणि तिच्याकडे नोंदणी असल्याशिवाय हा व्यवसाय करता येत नाही. माझ्या ओळखीची एक हुशार बाई अशाच एका कोर्सवर पैसे घालवून बसली. प्रमाणपत्रावर सोनेरी शिक्का होता. तिने नोकरीसाठी विचारल्यावर केंद्राने नोंदणी क्रमांक मागितला, तेव्हा तिला कळलं.

पदवीनंतरचे पहिले महिने

आंतरवासिता संपली की लगेच परिषदेची नोंदणी करा, आणि नूतनीकरणाची तारीख फोनमध्ये घालून ठेवा. लगेच स्वतःचं सेंटर काढू नका. तिशी-पस्तिशीतल्यांना ही घाई फार असते, कारण गेलेली वर्षं भरून काढायची असतात. निदान दोन वर्षं अशा ठिकाणी काढा जिथे तुमच्याहून जुनं माणूस तुमची केस तपासेल आणि चूक दाखवेल.

जुना पेशा मात्र पुरून टाकू नका. बँकेतून आलेली माझी एक सहकारी मेंदूला मार लागलेल्यांना पैशाचे व्यवहार पुन्हा शिकवते. एटीएमची पावती, स्लिप भरणं, फसवणुकीचे फोन ओळखणं. तिच्याइतकं बारकाईने ते आमच्यापैकी कुणालाच जमत नाही. शिक्षक असाल तर मुलाच्या शाळेशी कसं बोलायचं ते तुम्हाला आधीच येतं. सॉफ्टवेअरवाले पडद्यावरचं वाचून दाखवणारे स्क्रीन रीडर आणि एका बटणाने संगणक चालवायचे स्विच लावून देतात आणि तासाभरात विभागातले सगळे त्यांच्या टेबलाभोवती जमतात. पहिल्या मुलाखतीला जाताना जुन्या कामाचा अनुभव बायोडेटाच्या तळाशी ढकलू नका. वरच लिहा, आणि कुठल्या रुग्णाला तो कसा उपयोगी पडेल याचं एक उदाहरण तयार ठेवा. आमच्या मुलाखतीत मी हाच प्रश्न विचारते, आणि त्यानंतर टेबलावर एक शर्ट ठेवून सांगते, "उजवा हात लुळा आहे असं समजून घालून दाखवा." लुळा हात बाहीत आधी जातो. डावा आधी घालणारे बरेच असतात.